वाचकांचे आरोग्यप्रश्न : क्लस्टर डोकेदुखी आणि घरातला ऑक्सिजन

अर्धशिशीविषयी या सदरात उत्तर दिल्यानंतर आलेल्या पत्रांपैकी काही पत्रांतले वर्णन वाचताना ते दुखणे अर्धशिशीचे नाही, हे लगेच ध्यानात आले. अशा पाच पत्रांना या वेळी एकत्र उत्तरे देत आहे.

प्रश्न : सप्रेम नमस्कार. माझे यजमान ३८ वर्षांचे असून यंत्रमाग कारखान्यात दिवसपाळीला असतात. गेली सहा वर्षे दिवाळीच्या सुमारास त्यांचे डोके दुखू लागते आणि दोन महिने ते पाठ सोडत नाही. रात्री दीडच्या ठोक्याला ते दचकून उठतात. उजव्या डोळ्यामागे तापलेली सळई खुपसल्यासारखे होते, डोळा लाल होऊन पाणी गळते, उजवी नाकपुडी चोंदते. तासभर ते खोलीत येरझाऱ्या घालतात, कधी भिंतीवर डोके आपटतात. मग दुखणे आले तसे जाते आणि पहाटे पुन्हा येते. सायनस म्हणून तीनदा अँटिबायोटिक झाले, वरची एक दाढही काढून झाली. आता मेंदूविकारतज्ज्ञांनी क्लस्टर डोकेदुखीचे निदान करून घरी ऑक्सिजनचा सिलिंडर ठेवायला सांगितला आहे. सासूबाई म्हणतात, ऑक्सिजन लावण्याइतका माझा मुलगा खचला का? करोनात आमच्या घरातले दोघे ऑक्सिजनवर गेले, ते परत आले नाहीत. सिलिंडर आणावा का? त्याची सवय तर लागणार नाही ना?
— एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : सासूबाईंच्या भीतीपासूनच सुरुवात करतो, कारण सिलिंडर घरात आला आणि भीतीही घरातच राहिली, तर मास्क वेळेवर तोंडाला लागणार नाही. करोनाच्या रुग्णांची फुप्फुसे रक्ताला पुरेसा ऑक्सिजन देऊ शकत नव्हती, म्हणून त्यांना तो तासन्‌तास, दिवसेंदिवस द्यावा लागत होता. आपल्या यजमानांच्या शरीरात ऑक्सिजनची कमतरता नाही; ऐन झटक्यात बोटाला ऑक्सिमीटर लावला, तरी आकडा सहसा नेहमीसारखाच दिसेल. त्यांना तो १५ मिनिटांपुरता, वेदना थांबवणारे औषध म्हणून घ्यायचा आहे. त्याची सवय लागत नाही आणि त्याने आजार वाढतही नाही. डोकेदुखीच्या बहुतेक गोळ्यांना दिवसाची मर्यादा असते; ऑक्सिजन मात्र एका रात्रीत तीन झटके आले तर तीनदा घेता येतो, हा त्याचा मोठा गुण आहे. ज्यांना दीर्घकाळच्या धूम्रपानामुळे फुप्फुसांचा जुना विकार जडला आहे, त्यांनी मात्र छातीच्या डॉक्टरांना विचारल्यावाचून तो इतक्या जोराने घेऊ नये, कारण अशा काही रुग्णांच्या रक्तात त्यामुळे कार्बन डायऑक्साइड साठू शकतो. यजमान विडी ओढत असतील, तर ही तपासणी आधी करून घ्यावी.

या आजाराच्या नावातला क्लस्टर म्हणजे घड. द्राक्षाच्या घडात मणी जसे दाटीने लागतात, तसे झटके काही आठवडे दाटीने येतात आणि मग महिनोन्‌महिने, कधी वर्ष-दोन वर्षे, काहीच होत नाही. औषधाविना एक झटका १५ मिनिटांपासून ३ तासांपर्यंत टिकतो आणि दिवसाआड एकापासून दिवसात आठपर्यंत झटके येऊ शकतात. दुखते ते एकाच बाजूला, डोळ्याभोवती किंवा कानशिलात, आणि त्याच बाजूचा डोळा लाल होतो, पापणी उतरते, नाक वाहते. अर्धशिशीचा माणूस अंधाऱ्या खोलीत निपचित पडून राहतो, तर क्लस्टरच्या माणसाला एका जागी बसवत नाही. मला विचाराल, तर निदानासाठी हा एक फरक पुष्कळ वेळा पुरतो. वेदना वरच्या जबड्यात उतरते म्हणून दाढेवर संशय जातो आणि नाक चोंदते म्हणून सायनसवर. आपल्या यजमानांची दाढ गेली, यात नवल असे काही नाही. असे काही रुग्ण मेंदूविकारतज्ज्ञाकडे पोहोचेपर्यंत एखादी दाढ गमावूनच आलेले असतात.

रात्री दीडचा ठोका हीसुद्धा या आजाराची खूण आहे. शरीराचे घड्याळ सांभाळणारा हायपोथॅलॅमस नावाचा मेंदूचा छोटा भाग झटक्याच्या वेळी जागा झालेला दिसतो, हे लंडनच्या संशोधकांनी १९९८ मध्ये मेंदूच्या चित्रणातून दाखवले. तिथून चेहऱ्याची संवेदना वाहणारी ट्रायजेमिनल नस आणि डोळ्यांतले पाणी, नाकातला स्राव यांना चालना देणाऱ्या नसा एकदम चेतवल्या जातात. ऑक्सिजन नेमका कुठे काम करतो, याची उकल अजून पूर्ण झालेली नाही, परंतु तो काम करतो याविषयी शंका राहिलेली नाही. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकचे बेयर्ड हॉर्टन यांनी १९३९ मध्ये या आजाराचे सविस्तर वर्णन केले आणि पुढे त्यावर ऑक्सिजनही वापरला. लंडनमध्ये झालेल्या आणि २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत रुग्णांना एकदा ऑक्सिजन आणि एकदा साधी हवा, दोन्ही मिनिटाला १२ लिटर वेगाने, कोणते काय ते न सांगता दिली गेली. १५ मिनिटांत ऑक्सिजनने ७८ टक्के झटके शमले, हवेने २० टक्के.

आता तो घ्यायचा कसा. वेदनेची पहिली कळ उमटताच, म्हणजे ‘बघू, वाढते का’ असे म्हणत न थांबता, यजमानांनी खुर्चीत बसून थोडे पुढे झुकावे, मास्क चेहऱ्यावर घट्ट बसवावा, फ्लोमीटरमधली, म्हणजे ऑक्सिजनचा वेग दाखवणाऱ्या मापकातली, गोळी मिनिटाला १२ ते १५ लिटरवर आणावी आणि सावकाश, भरपूर श्वास घेत राहावे. मास्क कोणता, हे फार महत्त्वाचे आहे. नाकात घालायची दुटोकी नळी किंवा रुग्णालयात सर्रास मिळणारा साधा मास्क इथे निरुपयोगी आहे, कारण त्यांतून ऑक्सिजनबरोबर खोलीतली हवाही आत जाते. खाली पिशवी असलेला आणि बाजूच्या भोकांवर रबराच्या चकत्या असलेला नॉन-रीब्रीदर मास्क मागावा. मास्क लावण्याआधी पिशवी फुगू द्यावी. श्वास घेताना ती पूर्ण चपटी होत असेल, तर वेग कमी पडतो आहे असे समजावे. कित्येकांना १० मिनिटांतच उतार पडतो. वेदना गेल्यावर आणखी चार-पाच मिनिटे मास्क ठेवावा, असे अनुभवी रुग्ण सांगतात. २० मिनिटांत काहीच फरक पडला नाही, तर त्या झटक्यासाठी दुसरे औषध घ्यावे.

दुसरे औषध म्हणजे सुमाट्रिप्टानचे ६ मिलिग्रॅमचे इंजेक्शन. ते त्वचेखाली स्वतःच टोचायचे असते आणि साधारण पाव तासात काम करते. ते २४ तासांत दोनदाच, आणि दोहोंमध्ये निदान एक तास सोडून घेता येते. हृदयविकार, पक्षाघात किंवा आटोक्यात नसलेला रक्तदाब असणाऱ्यांनी ते घेऊ नये. ते प्रत्येक औषधाच्या दुकानात मिळत नाही, म्हणून झटक्यांचा हंगाम सुरू होण्याआधीच मागवून ठेवावे. झोल्मिट्रिप्टानचा नाकातला फवारा हाही एक पर्याय आहे. याच औषधांच्या पोटात घ्यायच्या गोळ्या मात्र लागू पडेपर्यंत झटका आपोआप संपत आलेला असतो, आणि पॅरासिटामॉलचा तर इथे काहीही उपयोग नाही.

ऑक्सिजन हातातला झटका थांबवतो, पुढचा थोपवत नाही, हे मात्र पक्के लक्षात ठेवावे. दोन महिन्यांचा हंगाम आखडता यावा म्हणून वेरापामिल हे मूळचे रक्तदाब-हृदयाचे औषध रोज घ्यावे लागते. त्याची मात्रा दिवसाला २४० मिलिग्रॅमपासून हळूहळू वाढवतात आणि प्रत्येक वाढीनंतर ईसीजी काढतात, कारण त्याने हृदयाचे ठोके मंदावू शकतात. रुग्णांना हा वारंवारचा ईसीजी नसता खर्च वाटतो. तो टाळू नये. वेरापामिलचा परिणाम दिसेपर्यंत मधले दिवस निभावण्यासाठी स्टिरॉइडचा थोड्या दिवसांचा कोर्स किंवा मानेच्या मागच्या नसेभोवती इंजेक्शन देतात. दिवाळीच्या सुमारास हे ठरलेलेच असेल, तर नवरात्रातच डॉक्टरांना भेटून ठेवावे. हंगाम चालू असताना दारूचा एक घोटही तासाभरात झटका आणू शकतो, आणि दुपारची डुलकीसुद्धा काहींना नडते.

प्रश्न : मला दोन वर्षांपासून क्लस्टर डोकेदुखी आहे. २०२१ मध्ये आईसाठी घेतलेले ५ लिटरचे ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर माळ्यावर पडून होते. ते काढून नाकातल्या नळीने आठ-दहा वेळा वापरले, पण काडीचाही फरक पडला नाही. मग ऑक्सिजनची एवढी महती का सांगतात?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : आपण ऑक्सिजन घेतलात, असे मला वाटत नाही, खोलीतल्या हवेत त्याचा थोडासा शिडकावा करून ती हवा घेतलीत. ऑक्सिजन लागू पडत नाही असे सांगणाऱ्या प्रत्येक रुग्णाला मी पहिल्यांदा वेग किती, मास्क कोणता आणि कळ आल्यावर किती मिनिटांनी, एवढेच विचारतो, आणि बहुतेक वेळा उत्तर तिथेच सापडते.

वेदनेने अस्वस्थ झालेला माणूस नाकातल्या नळीतून येणाऱ्या ५ लिटरपेक्षा कितीतरी अधिक हवा दर मिनिटाला आत ओढतो, आणि उरलेली सगळी हवा खोलीतली असते. शिवाय कॉन्सन्ट्रेटर साठवलेला ऑक्सिजन देत नाही. तो खोलीतल्या हवेतून नायट्रोजन गाळतो, आणि त्याच्या नेमल्या वेगापलीकडे नेला की गाळणी अपुरी पडून ऑक्सिजनचे प्रमाण घसरते. १० लिटरचे यंत्र आणि नॉन-रीब्रीदर मास्क यांवर काहींचे भागते, पण माझी पहिली पसंती सिलिंडरलाच आहे.

सिलिंडरचा हिशेब मात्र आधी मांडावा, कारण तो ऐन मध्यरात्री संपतो. मिनिटाला १५ लिटरने १५ मिनिटे म्हणजे एका झटक्याला २२५ लिटर. आपल्याकडे बी-टाइप म्हणतात त्या मध्यम सिलिंडरमध्ये पूर्ण भरल्यावर सुमारे १,५०० लिटर ऑक्सिजन असतो, म्हणजे सहा झटके. डी-टाइप किंवा जम्बो सिलिंडरमध्ये सुमारे ७,००० लिटर, म्हणजे ३१ झटके. रोज दोन झटके आणि आठ आठवड्यांचा हंगाम धरला, तर २५,००० लिटरच्या वर लागेल. बी-टाइप सोळा-सतरा वेळा भरून आणावा लागेल, जम्बो चार वेळा. जम्बो उचलायला दोन माणसे लागतात आणि लिफ्ट नसलेल्या इमारतीत तो वर नेणे जिकिरीचे असते, तरीही रोज रात्री झटके येणाऱ्याने घरात जम्बो आणि प्रवासासाठी छोटा, अशी जोडी भाड्याने घेणे शहाणपणाचे ठरते. बी-टाइपवरचा दाबाचा काटा भरल्यावर १५० च्या आसपास असतो आणि प्रत्येक झटक्यात साधारण २२ ने खाली येतो. काटा ५० वर आला की दोनच झटक्यांची सोय उरली आहे असे समजून दुसऱ्या दिवशी सकाळीच तो भरायला द्यावा. फ्लोमीटर १५ लिटरपर्यंतचा आहे, याची भाड्याने घेतानाच खात्री करावी. सिलिंडर वैद्यकीय ऑक्सिजनचाच असावा. वेल्डिंगच्या दुकानातला स्वस्त पडतो म्हणून आणू नये. पुरवठादार डॉक्टरांची चिठ्ठी मागतील, तेव्हा तीत ‘ऑक्सिजन’ एवढेच न लिहिता वेग, मास्कचा प्रकार आणि कालावधी लिहून घ्यावा.

आता आगीविषयी. ऑक्सिजन स्वतः पेटत नाही, पण जे पेटते आहे त्याला तो भडकवतो, आणि तेल किंवा ग्रीस लागलेल्या व्हॉल्व्हवर दाबाचा ऑक्सिजन आला तर ठिणगीवाचूनही पेट घेऊ शकतो. आपल्या घरात डोके दुखले की पहिला हात खोबरेल तेलाच्या बाटलीकडे किंवा बामच्या डबीकडे जातो; तोच तेलकट हात सिलिंडरच्या कॉकला लागतो आणि तोच बाम कपाळावर असताना मास्क चढतो. मास्क लावायचा असेल तर तेल आणि बाम दोन्ही वर्ज्य. सिलिंडर उभा ठेवून साखळीने भिंतीला बांधावा, कॉक हळू उघडावा, आणि देवघरातली समई, उदबत्ती, डासांची कॉइल, गॅसची शेगडी यांच्यापासून तो लांब, शक्यतो वेगळ्या खोलीत ठेवावा. मास्क काढल्यावरही कपड्यांत आणि केसांत काही वेळ ऑक्सिजन रेंगाळतो, म्हणून झटका संपला की सुटकेची सिगारेट पेटवणे हा जिवाशी खेळ आहे.

प्रश्न : सूर्योदयापूर्वी दूध-जिलेबी, नाकात तुपाचे थेंब, बर्फ, कडक कॉफी, मेलाटोनिन आणि ड जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रा, असे अनेक उपाय लोक सांगतात. यांतले काय करून पाहावे? आणि मॅजिक मशरूम, म्हणजे नशा आणणारी अळंबी, यांचे काय?
— एक वाचक, नागपूर

उत्तर : दूध-जिलेबी हा अर्धशिशीवरचा जुना घरगुती उपाय आहे. जिलेबीने झटका थांबत नाही, पण त्या निमित्ताने पहाटे कोणी प्रेमाने उठून दूध तापवत असेल, तर त्याला मोडता घालण्याचे मला कारण दिसत नाही. मधुमेह नसला म्हणजे झाले. नाकात तूप किंवा तेल घालून लगेच ऑक्सिजनचा मास्क लावू नये, हे वर सांगितलेच आहे. तिखटाची पूड नाकात ओढण्याचा सल्लाही कानावर येतो. मिरचीतल्या कॅप्सायसिनवर काही छोटे प्रयोग झाले आहेत हे खरे, पण ते ठरावीक मात्रेच्या मलमाचे होते, स्वयंपाकघरातल्या डब्यातल्या तिखटाचे नव्हेत.

बर्फाची पिशवी कानशिलावर धरणे निरुपद्रवी आहे आणि काहींना तेवढाच आधार वाटतो. कडक कॉफी कळ आल्याबरोबर घेतली तर झटका सौम्य होतो, असे अनेक रुग्ण सांगतात. त्यामागे चाचणीचा भक्कम आधार नाही, तरी ऑक्सिजनचा मास्क चढवेपर्यंत चार घोट घेण्यास हरकत नाही. मात्र रात्री दोन वाजताची कॉफी उरलेली झोपही नेते, याचा विचार करावा.

मेलाटोनिन या झोपेशी निगडित संप्रेरकाची गोष्ट थोडी वेगळी आहे. हंगामात या रुग्णांच्या शरीरातले रात्रीचे मेलाटोनिन कमी आढळते, आणि इटलीत १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या छोट्या चाचणीत रोज संध्याकाळी १० मिलिग्रॅम घेणाऱ्यांपैकी निम्म्यांचे झटके काही दिवसांत थांबले. रुग्ण एकंदर २० होते, म्हणून यावर फार भिस्त ठेवता येत नाही. मुख्य औषधाच्या जोडीला, डॉक्टरांना सांगून, ते घेता येईल. ड जीवनसत्त्वाची कमतरता रक्ततपासणीत आढळली तर ती जरूर भरून काढावी. त्यापलीकडच्या प्रचंड मात्रा स्वतःच्या मनाने घेतल्यास रक्तातले कॅल्शियम वाढून मूत्रपिंडाला इजा होते, आणि वाढलेले कॅल्शियम वेरापामिलच्या परिणामालाही बाधा आणू शकते. मॅजिक मशरूमविषयी आपण शेवटी विचारले आहे. त्यावर परदेशात संशोधन चालू आहे, परंतु त्यांतले सायलोसिबिन हे द्रव्य आपल्या देशात अंमली पदार्थांच्या कायद्याखाली येते, म्हणून घरगुती उपायांत त्यांना जागा नाही.

प्रश्न : मी २९ वर्षांची आहे. लक्षणे तंतोतंत जुळतात, पण हा पुरुषांचा आजार आहे, तुम्हाला ताण आहे, असे मला दोन ठिकाणी सांगण्यात आले.
— एक वाचक, पुणे

उत्तर : हा आजार पुरुषांत अधिक आढळतो, पण स्त्रियांना होतच नाही असे नाही, पूर्वी वाटे त्याहून स्त्री-रुग्णांचे प्रमाण अधिक असल्याचे आता दिसते आहे, आणि निदान न झालेले रुग्णही स्त्रियांतच अधिक असावेत. झटक्यांची तारीख, वेळ, बाजू आणि कालावधी दोन आठवडे वहीत लिहा, आणि ऐन झटक्यात मोबाइलवर आपल्या डोळ्याचे अर्ध्या मिनिटाचे चित्रण करून घ्या. ते चित्रण पाहिल्यावर ताणाचे नाव कोणी काढणार नाही. मेंदूचा एमआरआय एकदा करून घ्यावा, कारण क्वचित पिट्यूटरी ग्रंथीची गाठ असेच दुखणे उभे करते. गर्भधारणेचा विचार असेल, तर औषधे सुरू करण्यापूर्वीच तसे सांगा. त्या काळात ऑक्सिजन हाच सर्वांत निर्धोक उपाय ठरतो.

या निमित्ताने सर्वांसाठी सांगतो. डोळा लाल होऊन प्रखर दुखतो आहे, नजर धूसर झाली आहे आणि दिव्याभोवती कडी दिसतात, तर तो काचबिंदूचा झटका असू शकतो. त्याच रात्री नेत्रतज्ज्ञ गाठावा. क्षणार्धात शिगेला पोहोचलेली आयुष्यातली पहिलीच डोकेदुखी, तापाबरोबर ताठरलेली मान, हातापायातली शक्ती जाणे, झटक्यांच्या मधल्या वेळेतही न थांबणारे दुखणे किंवा पन्नाशीनंतर प्रथमच सुरू झालेले दुखणे, यांपैकी काहीही असेल तर सिलिंडरची वाट न पाहता रुग्णालयात जावे.

प्रश्न : माझ्या धाकट्या भावाला हा त्रास आहे. झटका आला की आम्ही त्याला धरून बसवतो, तो आम्हालाच झिडकारतो. गेल्या आठवड्यात म्हणाला, दादा, असे जगण्यापेक्षा सुटलो तर बरे. आम्ही काय करावे?
— एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : त्याला धरू नका. येरझाऱ्या घालणे, डोके दाबून धरणे, डुलत राहणे हा या वेदनेचाच भाग आहे. खोलीतली टोकदार वस्तू हलवा, दिवा मंद करा, मास्क त्याच्या हातात द्या आणि जवळच, पण अंगाला न लागता थांबा. त्या तासात प्रश्न विचारू नका. तो झिडकारतो ते तुम्हाला नव्हे.

त्याचे वाक्य मात्र हलक्यावर घेऊ नका. या दुखण्यात मरणाचा विचार अनेकांच्या मनात येतो. झटका ओसरल्यावर, दिवसाउजेडी, त्याला सरळ विचारा की तो विचार अजून येतो का, त्याने काही ठरवले आहे का; विचारल्याने तो विचार बळावत नाही. उत्तर ‘हो’ आले तर त्याला एकटे सोडू नका आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. टेलि-मानस या शासकीय मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक अहोरात्र चालू असतो आणि तिथे मराठीत बोलता येते. त्याच्या मेंदूविकारतज्ज्ञांनाही हे वाक्य जसेच्या तसे सांगा, म्हणजे वेरापामिलचा परिणाम दिसेपर्यंत त्याला नुसते थांबवून न ठेवता मधल्या दिवसांची सोय ते लगेच करतील.

आणि सिलिंडरचा काटा रोज रात्री जेवणानंतर तुम्ही पाहत जा. ते काम त्याच्यावर ठेवू नका.